कै. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी

ह्या स्मरणिकेत दरवर्षी आपल्याच ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे अथवा स्त्रीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही तो मोडीत आहोत, आणि त्याबद्दल वडीलधाऱ्या सभासदांची क्षमा आरंभीच मागून ठेवतो. ज्यांचे चरित्र पुढे येत आहे ते रावबहादुर तालमकी आपल्या ज्ञातीतील नव्हेत. त्यांचे मूळ कानड्यात, कर्मभूमी मुंबई, आणि वर्धाकाठच्या आपल्या बल्लारपुराशी त्यांचे नाव कोणी कधी जोडलेले नाही. तरीही गेल्या वार्षिक सभेत ज्या विषयावर रात्री उशिरापर्यंत वादविवाद झाला, त्या विषयाचा आरंभ ह्या गृहस्थापासून होतो. ज्ञातीतील कुटुंबांनी मिळून घरबांधणीची सहकारी संस्था काढावी की नाही, हा तो विषय होय. सभेत पुष्कळांनी पुष्कळ मते मांडली; परंतु शंभर वर्षांपूर्वी एका ज्ञातीने हेच काम कसे केले, ह्याची माहिती सभेत कोणापाशीच नव्हती. ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्यापैकी किती कुटुंबे आजही खाणीच्या किंवा कागद कारखान्याच्या क्वार्टरात राहतात, हे निराळे सांगावयास नको. नोकरी आहे तोवर छप्पर आहे. सेवानिवृत्तीचे पत्र हाती पडले म्हणजे क्वार्टर सोडण्याची मुदतही ठरते, आणि मग तीस-पस्तीस वर्षे ज्या अंगणात तुळस लावली ते अंगण दुसऱ्याचे होते. ह्या भीतीपोटी आपले लोक एकेकटे प्लॉट घेऊ लागले. चंद्रपूर रस्त्याला आणि गावाच्या कडेला जी शेते होती तेथे चुन्याच्या रेषा ओढल्या गेल्या, हद्दीचे दगड बसले, ले-आऊटचे फलक लागले. काहींना चांगले प्लॉट मिळाले. काहींचे पैसे अशा जमिनीत अडकले की, जिचा अकृषक आदेशच निघालेला नव्हता. एका सभासदाने तर रस्ता म्हणून दाखविलेली जागा नकाशात दुसऱ्याच्याच मालकीची निघाल्याचे सभेत सांगितले. विकणाऱ्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. अशा वेळी एकटा मनुष्य काय करू शकतो, हा खरा प्रश्न आहे. आणि तालमकींच्या चरित्राकडे आम्ही वळलो ते त्यामुळेच.

चित्रापूर सारस्वत ही कानडा प्रांतातील लहानशी ज्ञाती. उत्तर कानड्यातील शिराली येथे तिचा मठ आहे. घरी कोकणी बोली आणि शाळेत कानडी, असा ह्या लोकांचा परिपाठ. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला, आणि त्या एका सरकारी फेरफाराने ह्या ज्ञातीचे भवितव्य पालटले. इंग्रजी शिकलेल्या तरुणांना आता मद्रासेपेक्षा मुंबई जवळची झाली. कारवार, होनावर येथून आगबोटीत बसून हे तरुण मुंबईस येऊ लागले. कोणी सरकारी कचेरीत कारकून झाले, कोणी रेल्वेत, कोणी वकिलांच्या हाताखाली. जमीनजुमला गावी राहिला आणि पगार मुंबईत मिळू लागला. आपल्याकडे आंध्राच्या सीमेवरून, छत्तीसगडातून, वऱ्हाडातून माणसे कोळशाच्या आणि कागदाच्या कामावर येऊन स्थिरावली, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

तरुण तालमकी ह्याच ओघातील होत. ते बी. ए., एल्‌एल्‌. बी. झालेले, कायद्याचे जाणकार. पुढे त्यांनी जे जे केले त्यात हे कायद्याचे ज्ञान पदोपदी दिसते. मुंबईस त्यांना ज्या वडीलधाऱ्या पुरुषाचा आधार लाभला ते शामराव विठ्ठल कैकिणी. ज्ञातीतील गरीब विद्यार्थी आणि नव्याने आलेले उमेदवार ह्यांच्याविषयी कैकिणींना कळकळ होती, आणि तालमकी त्यांना गुरू मानीत. गुरूंच्या पश्चात शिष्याने काय करावे, ह्याचे उत्तर आपल्याकडे सहसा तसबीर आणि पुण्यतिथी एवढ्यावर संपते. तालमकींनी २७ डिसेंबर १९०६ रोजी गुरूंच्या नावाने एक सहकारी पतसंस्था स्थापन केली. काटकसरीची सवय लागावी आणि ज्ञातीतील गरजूंना सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा तिचा हेतू. शामराव विठ्ठल सहकारी बँक ती हीच. सारस्वत बँक आणि ही बँक एकच, असा समज आपल्याकडेही आढळतो. सारस्वत बँक १९१८ ची, तिचे संस्थापक निराळे, आणि दोहोंचा इतिहासही निराळा.

पतसंस्थेवरच तालमकी का थांबले, ह्याचे उत्तर तत्कालीन कायद्यात आहे. हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा. त्याने केवळ पतसंस्था काढण्यास मोकळीक दिली होती. घरे बांधण्यासाठी, माल खरेदीसाठी किंवा अन्य कामासाठी सहकारी संस्था नोंदविण्याची वाट १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने खुली झाली. म्हणजे १९०६ पासून सहा वर्षे ज्ञातीतील माणसे हप्ता भरणे, हिशेब ठेवणे, कर्ज फेडणे आणि जामीन राहणे ह्या गोष्टी शिकत होती. आमच्या मते ही सहा वर्षे फार मोलाची ठरली. ज्यांनी पाच रुपयांचा हप्ता वेळेवर भरून दाखविला होता त्यांच्यावरच घराच्या कामी विश्वास टाकता येणार होता. ह्याच अवधीत, १९११ साली, कानडा सारस्वत असोसिएशन ही ज्ञातिसंस्थाही उभी राहिली. त्या दिवसांत ही ज्ञाती परदेशगमनाच्या वादाने दुभंगलेली होती. समुद्र ओलांडून आलेल्यास पंक्तीस घ्यावे की न घ्यावे, ह्यावरून घराघरांत तट पडले होते. अशा वेळी भाडे आणि घर ह्या प्रश्नावर सर्व तटांना एकत्र आणता आले, ही साधी गोष्ट नव्हे.

मुंबईतील घरांची स्थिती कशी होती ते सांगितल्यावाचून पुढचा भाग नीट कळणार नाही. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि पाहता पाहता शहर ओस पडले. अंधाऱ्या, दाट, ओलसर चाळी हे रोगाचे घर ठरले. सरकारने १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था नेमली. गलिच्छ वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि मोकळी जमीन तयार करून ती बांधकामासाठी पट्ट्याने देणे, ही तिची कामे. ट्रस्टने पाडले पुष्कळ. त्या मानाने गरिबांसाठी बांधले थोडे, अशी टीका त्याच काळी होत असे. १९११ च्या शिरगणतीतही मुंबईतील बहुसंख्य माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. कारकून वर्गाची कुचंबणा निराळी. मजुरांच्या खोलीत त्याला राहवत नव्हते आणि बंगल्याचे भाडे त्याला परवडत नव्हते. गिरगावाकडील चाळींत दोन खोल्या, सामाईक नळ आणि जिन्याच्या टोकाला सर्वांसाठी शौचकूप, एवढ्यात आई, वडील, भावंडे आणि गावाहून शिकावयास आलेला भाचा ह्या सर्वांचा संसार चाले. मालकाने भाडे वाढविले की बिऱ्हाड हलवावे लागे.

गिरगाव चौपाटीच्या पाठीमागे गावदेवी म्हणून जो भाग आहे तेथे ट्रस्टने एक योजना आखली. रस्ते काढले, प्लॉट पाडले, ह्यूज रोडसारखा मोठा मार्ग त्या बाजूने काढून शहराचे टोक मलबार टेकडीच्या पायथ्याशी जोडले. जमिनीचे भाव चढणार हे उघड होते. पैसेवाले मालक प्लॉट घेऊन इमारती बांधतील, आणि कारकुनांनी त्यांत भाडेकरू म्हणून राहावे, असाच सर्वांचा कयास असणार. तालमकी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी विचार निराळा केला. ट्रस्टपुढे भाडेकरू म्हणून जाण्याऐवजी पट्टेदार म्हणून का जाऊ नये? एकेकट्या कारकुनाला प्लॉट मिळणे शक्य नव्हते. नोंदलेली, भागभांडवल असलेली, लेखी नियमांनी बांधलेली संस्था मात्र त्या दारी उभी राहू शकत होती.

ह्या विचारास आकार देण्यासाठी १९१३ मध्ये मुंबईत सहकारी गृहनिर्माणाच्या प्रसारासाठी एक मंडळी स्थापन झाली. घरबांधणी संस्थांचे नमुना नियम तयार करणे, लोकांना समजावून देणे आणि सरकारकडे सवलती मागणे ही कामे तिने हाती घेतली. त्यानंतर १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविली गेली. आशियातील ही पहिलीच सहकारी गृहसंस्था, असा तिचा उल्लेख पुष्कळदा होतो. आम्ही येथे थोडे सावध राहू इच्छितो. म्हैसूर संस्थानात बंगळूर येथे १९०९ मध्ये घरबांधणीची एक सहकारी सोसायटी निघाली होती. परंतु जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची ठेवून सभासदांनी त्यात भागीदार-भाडेकरू म्हणून राहावे, ही पद्धत आपल्याकडे रुजली ती गावदेवीपासून, एवढे निश्चित म्हणता येते. मुंबई इलाख्यापुरता तर पहिलेपणाचा मान निर्विवाद आहे.

ही भागीदार-भाडेकरूंची पद्धत मूळची इंग्लंडातील. लंडनजवळ ईलिंग येथे १९०१ मध्ये काही कारागिरांनी अशी संस्था काढली होती. तिची रचना आपल्या सभासदांनी नीट समजून घ्यावी, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सभासद घर विकत घेत नाही. तो संस्थेचे भाग घेतो. भागांच्या पैशांतून आणि कर्जातून संस्था जमीन घेते व इमारत बांधते. सभासद त्या इमारतीत आपल्या हक्काचे बिऱ्हाड घेतो आणि दरमहा भाडे देतो. हे भाडे कोणा मालकाच्या खिशात जात नाही. त्यातून कर्जाचा हप्ता फिटतो, नगरपालिकेचा कर भरला जातो, दुरुस्ती होते, आणि इमारत जुनी झाल्यावर तिच्या पुनर्बांधणीसाठी दरवर्षी काही रक्कम निराळी काढून ठेवली जाते. कर्ज फिटले की भाडे उतरते किंवा निधी वाढतो. सभासद गेला तर त्याचे भाग वारसाकडे जातात. सोडून जावयाचे असेल तर बिऱ्हाड बाजारात हव्या त्याला विकता येत नाही, समितीच्या संमतीने ते दुसऱ्या सभासदाकडे जाते. भाव चढले म्हणून एकट्याने नफा काढून पळून जाण्यास येथे वाव नाही. आणि भाव चढले म्हणून कोणी कोणाला घराबाहेर काढूही शकत नाही.

ह्यातील शेवटच्या वाक्याची किंमत दोनच वर्षांत कळून आली. पहिल्या महायुद्धाने बांधकामाचे साहित्य महागले, मुंबईत माणसांची दाटी झाली, आणि मालकांनी भाडी भराभर वाढविली. अखेरीस सरकारला १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्या धामधुमीत चाळकरी भाडेकरू मालकाच्या मर्जीवर होता; गावदेवीचा भागीदार-भाडेकरू स्वतःच मालकांच्या सभेत बसत होता.

सभा हा शब्द आला म्हणून सांगावेसे वाटते. अशी संस्था चालविणे हे इमारत बांधण्यापेक्षा कठीण काम आहे. इमारत एकदा उभी राहते. संस्था दररोज उभी ठेवावी लागते. पाण्याची वेळ, गच्चीचा वापर, जिन्याची झाडलोट, वरच्या मजल्यावरील गळती, थकलेले भाडे, पोटभाडेकरू ठेवण्याची हौस, ह्या सर्व गोष्टी नातलगांच्या संस्थेत तर फारच अवघड होतात. थकबाकीदार हा समितीच्या चिटणिसाचा मामेभाऊ निघतो. ज्या ज्ञातीत सर्वच एकमेकांचे सोयरे, त्या ज्ञातीत नोटीस बजावणार कोण? तालमकींच्या पिढीने ह्यावर काढलेला उपाय म्हणजे लेखी नियम आणि दरसाल तपासलेले हिशेब. चिटणीस नात्याने न वागता पोटनियमाने वागतो, म्हणजे नातेही टिकते. आज महाराष्ट्रात आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी निक्षेप निधीत आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत घ्यावी लागते, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत भरवावी लागते. हे नियम सरकारी खात्याची कटकट म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. ज्यांनी ते प्रथम आखले ते खात्याचे लोक नव्हते, स्वतः त्या इमारतीत राहणारे गृहस्थ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची चव निराळी लागते.

गावदेवीच्या पाठोपाठ शहराची हद्द उत्तरेकडे सरकू लागली. १९१५ मध्येच मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. देशातील तो अशा प्रकारचा पहिला कायदा. साष्टीतील भातशेते आणि वाड्या ह्यांच्या जागी आखीव रस्ते व प्लॉट येऊ लागले. वांद्र्यास १९१८ मध्ये ख्रिस्ती गृहस्थांनी साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहसंस्था काढली. दादरला ट्रस्टच्या जमिनीवर पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी झाली. सारस्वतांनीही सांताक्रूझला आपली वसाहत केली. दुसऱ्या बाजूला सरकारने १९२० मध्ये विकास खाते काढून वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्या चाळी सिमेंटच्या आणि भक्कम. पण त्यांतील पुष्कळ खोल्या बरीच वर्षे रिकाम्या राहिल्या. राहणाऱ्याला विचारून बांधलेले घर आणि राहणाऱ्याला न विचारता बांधलेले घर ह्यांतील फरक त्या दशकात मुंबईने डोळ्यांनी पाहिला.

तालमकींचे कार्य ह्यापुढे एका ज्ञातीपुरते राहिले नाही. मुंबईच्या मध्यवर्ती सहकारी इन्स्टिट्यूटचे मानद चिटणीस म्हणून त्यांनी काम केले. शेतकऱ्यांच्या पतसंस्था, कार्यकर्त्यांचे शिक्षण, सहकारी कायद्यातील दुरुस्त्या असे विषय त्या संस्थेपुढे असत. १९२५ मध्ये मुंबई इलाख्याने सहकाराचा स्वतःचा कायदा केला. आपला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम हा त्याचाच वारस. १९३१ मध्ये तालमकींचा हिंदुस्थानातील व परदेशांतील सहकारावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली होती. ह्याखेरीज १९३० च्या दशकात त्यांनी आणखी एक काम केले, ज्याने आम्हांस त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटते: सारस्वत घराण्यांच्या वंशावळी आणि वृत्तांत गोळा करून त्यांनी ते ग्रंथरूपाने छापले. हप्ते, पोटनियम आणि हिशेब ह्यांत मुरलेला मनुष्य घराघरांतून आजोबा-पणजोबांची नावे गोळा करीत फिरतो, हे चित्र ह्या स्मरणिकेच्या वाचकांना परके वाटू नये. आपल्याही पानांतून दरवर्षी तेच चालते.

ताडदेव येथे पुढे सारस्वतांची आणखी एक मोठी वसाहत झाली, आणि तिला लोकांनी तालमकीवाडी हे नाव दिले. कानडा सारस्वत असोसिएशनचे कार्यालय त्याच वाडीत आहे. तालमकींनी बँकेला नाव दिले ते गुरूंचे.

चरित्र लिहिताना केवळ गौरवच करावा, असा आपल्याकडील रिवाज आहे. आम्हांस दोन गोष्टी बोलून दाखवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, ज्या मोकळ्या प्लॉटांवर नव्या वसाहती उभ्या राहिल्या ते सर्वच मुळात मोकळे नव्हते. ट्रस्टच्या योजनांनी जे हटविले गेले त्यांच्यातून सुशिक्षित कारकुनांसारखी संस्था उभी राहणे कठीण होते. त्यांच्यापाशी भाग घेण्यास पैसा नव्हता आणि अर्ज लिहिणारा वकीलही नव्हता. सहकाराने मध्यमवर्गाला घर दिले. त्याच्या खालच्या माणसाला ते देणे अजूनही राहून गेले आहे. दुसरी गोष्ट आपल्या अधिक जिव्हाळ्याची. सारस्वतांची गृहसंस्था सारस्वतांसाठी होती. तीच गोष्ट पारशांची आणि वांद्र्याच्या ख्रिस्ती बंधूंची. असे करणे कायद्यात बसते काय, हा प्रश्न अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि २००५ मध्ये न्यायालयाने संस्थेला आपल्या उपविधीने सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते, असा निर्णय दिला. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. तरीही कायदा आडवा येत नाही म्हणून ती गोष्ट योग्यच, असे आम्ही म्हणणार नाही. शामराव विठ्ठल बँकेचे दार कालांतराने सर्वांना उघडले, आणि तीच बँक आज अनेक राज्यांत पसरलेली शेड्यूल्ड बँक आहे. खाणीत ज्याच्या शेजारी उभे राहून तीस वर्षे पाळी केली त्याला घराच्या वेळी परजातीचा म्हणून बाहेर ठेवणे आपल्याला शोभेल काय, ह्याचा विचार सभेने करावा. ह्या बाबतीत कार्यकारी मंडळात एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, एकमेकांची ओळख हेच हप्ता वेळेवर येण्याचे तारण आहे, आणि ती ओळख ज्ञातीतच मिळते. ह्या म्हणण्यातही तथ्य आहे. गावदेवीची संस्था चालली ती त्याच बळावर.

आता आपल्या गावाकडे येऊ. ह्या मुलुखात जमीन आणि वसाहत ह्यांचा विचार नवा नाही. बल्लारपुराहून राजधानी हलवून खांडक्या बल्लाळशहाने झरपटीच्या काठी चंद्रपूर वसविले, ही कथा आपल्याकडील मुलांनाही ठाऊक असते. गोंड राजांच्या अमलात तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाच्या पाण्याखाली येणारी जमीन देण्याची चाल होती. अशा देणगीस तुकूम म्हणत, आणि चंद्रपुरातील तुकूम ह्या वस्तीच्या नावात तो शब्द अद्याप जिवंत आहे. आधी पाण्याची सोय करा, मग जमीन घ्या, असा तो व्यवहार. आज आपण आधी प्लॉट घेतो आणि मग नळासाठी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवतो.

आपल्या भागातील जमिनीची आणखी काही वैशिष्ट्ये आहेत, जी तालमकींना मुंबईत भेडसावली नव्हती. येथे पृष्ठभागाखाली कोळसा आहे. कोळशासाठी १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र अधिनियमान्वये सरकार जमीन ताब्यात घेऊ शकते, आणि ले-आऊटचा फलक लावणारा हे सांगत नाही. २०२२ मध्ये घुग्घुस येथे जुन्या खाणीवरील वस्तीत एक राहते घर जमिनीत खचून गेले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात चंद्रपुरातील सखल वस्त्यांत नदीचे पाणी शिरले; पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय घेतलेल्या प्लॉटाचे काय होते, ते पुष्कळांनी अनुभवले. काही जागा नझूलच्या, काही भोगवटदार वर्ग-२ च्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणाऱ्या. गुंठेवारीने पडलेले तुकडे नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये झाला खरा, पण नियमित होईपर्यंतची वर्षे त्या घरमालकानेच काढावयाची असतात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पाची महारेरात नोंदणी लागते, हेही अजून कित्येकांना ठाऊक नाही. सातबारा, फेरफार, अकृषक आदेश, मंजूर ले-आऊट, खाणीखालील क्षेत्राचा नकाशा, पूररेषा, एवढी कागदपत्रे एका सेवानिवृत्त मनुष्याने एकट्याने कशी तपासावी? संस्थेने वकील नेमला तर तेच काम सर्वांसाठी एकदाच होते.

गावदेवीच्या उदाहरणातून आम्हांस जी गोष्ट सर्वांत घेण्यासारखी वाटली ती कामाच्या क्रमाची. तेथे आधी संस्था झाली, मग जमीन संस्थेच्या नावे आली आणि त्यानंतर भिंती उठल्या. आज बहुतेक ठिकाणी क्रम उलटा चालतो. बांधणारा आधी बांधतो, मग विकतो, शेवटी रहिवाशांची संस्था नोंदवली जाते, आणि जमीन मात्र वर्षानुवर्षे मूळ मालकाच्या नावेच राहते. अशा संस्थांची दुरवस्था एवढी वाढली की, १९६३ चा सदनिकांचा कायदा असूनही २००८ मध्ये त्यात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली, जेणेकरून मालक सही करीत नसला तरी सक्षम अधिकाऱ्याकडून जमीन संस्थेच्या नावे करून घेता येईल. तालमकींच्या संस्थेला ह्या कलमाची गरजच पडली नसती.

कार्यकारी मंडळाने ह्या विषयासाठी सात जणांची उपसमिती नेमली आहे. पहिले वर्षभर जमीन पाहावयाची नाही, केवळ इच्छुक कुटुंबांनी दरमहा ठरलेली रक्कम बँकेतील संयुक्त खात्यात भरावयाची, आणि वर्षअखेर ज्यांचा एकही हप्ता चुकला नाही त्यांच्याकडून संस्थेच्या नोंदणीचा अर्ज करावयाचा, असे उपसमितीने तूर्त ठरविले आहे. सभासदत्व ज्ञातीपुरते ठेवावे की सहकाऱ्यांनाही खुले करावे, हा प्रश्न वार्षिक सभेपुढे मतास टाकला जाईल. इच्छुकांसाठी नावनोंदणीचा नमुना स्मरणिकेच्या अखेरच्या पानावर छापला आहे. तो भरून, क्वार्टर सोडावयाचे वर्ष त्यात न विसरता लिहून, चिटणिसांकडे द्यावा.